जावईबापू, पाहण्यासारखं काय?

भिलाईला माणसं येतात ती नोकरीसाठी, नाहीतर आयआयटीच्या कोचिंगसाठी. नोकरीवाले निवृत्त होईपर्यंत हलत नाहीत आणि कोचिंगवाले दोन वर्षांत पसार होतात; पण ‘इथं पाहण्यासारखं काय आहे?’ असं दोघांपैकी कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. हा प्रश्न फक्त पाहुणे विचारतात. आणि पाहुणे येतात मे महिन्यात.

हे गाव आखणाऱ्यांनी तसा सगळ्याचा विचार केला होता. 1955मध्ये सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, आणि भोवती सेक्टरमागून सेक्टर उभे राहिले. क्वार्टर, शाळा, दवाखाना, बाजार, खेळायला मैदान, सावलीला झाडं. बायकोकडचे पाहुणे आले तर त्यांना दुपारी कुठं न्यायचं, एवढं एकच कलम करारात घालायचं राहून गेलं असावं. माझे वडील नागपूरहून इथं आले, त्यांना तो प्रश्न पडलाच नाही. 1956पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. त्यामुळे त्यांच्याकडे येणारे सगळे नागपूरकर, आणि नागपूरकरांना पाहुणचारात फक्त जेवण लागतं.

हिचे मामा मात्र पुण्याचे. बँकेतून निवृत्त झालेले, आणि प्रवासासाठी वेगळी वही ठेवणारे.

‘‘जावईबापू,’’ त्यांनी फोनवर विचारलं होतं, ‘‘महाबळेश्वरला पॉइंट असतात. तुमच्याकडे काय असतं?’’

‘‘सेक्टर,’’ मी म्हणालो.

वहीतली पहिली अडचण स्टेशनाची. दुर्गहून रायपूरकडे जाताना भिलाई नगर, भिलाई पॉवर हाउस आणि भिलाई अशी तीन-तीन स्टेशनं लागतात. त्यातल्या नुसत्या ‘भिलाई’वर जो विश्वासानं उतरतो, तो आमच्या टाउनशिपपासून सगळ्यांत लांब पडतो. म्हणून लांबच्या गाडीनं येणाऱ्यांना आम्ही दुर्गलाच उतरवून घेतो.

‘‘म्हणजे भिलाईला यायचं, पण भिलाईला उतरायचं नाही?’’

‘‘नाही.’’

मामांनी ते लिहून घेतलं. पुण्यात राहिलेल्या माणसाला कारणाशिवायचे नियम नवे नसतात.

आझाद हिंद एक्सप्रेसनं मामा-मामी दोघं आले. हातपाय धुऊन होतात तोच मामा म्हणाले, ‘‘चला, कारखाना बघू.’’

इथंच भिलाईकराची पंचाईत होते. ज्या एका गोष्टीसाठी हे गाव वसलं, ती भिंतीच्या आत आहे. आत जायला पास लागतो, आणि ‘हिचे मामा आलेत’ हे पासासाठी पुरेसं कारण नाही. ताजमहालाच्या गावी राहून पाहुण्यांना फक्त तांगेवाले दाखवावेत, अशी आमची गत. मग आम्ही गाडीतून बाहेरच्या बाहेर चिमण्या दाखवतो आणि तोंडी माहिती देतो. मीही दिली. म्हटलं, मामा, कारखाना तुम्ही वाटेत पाहतच आलात. देशभर रूळ पुरवतो तो हाच. आता इथं 130 मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो, आणि असे दोन जोडून 260 मीटरचा करून पाठवतात. सांधे कमी, म्हणून खडखड कमी.

‘‘मग मला रात्रभर झोप का नाही लागली?’’

मामींनी खुलासा केला की झोप त्यांना स्वतःला लागली नाही, आणि खडखड रुळांची नव्हती.

संध्याकाळी मैत्री बाग. भिलाईतल्या पाहुणचाराचा सगळा डोलारा या एका बागेवर उभा आहे. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून ती 1972मध्ये झाली. 1991मध्ये तो मित्रच नकाशावरून गेला; बाग राहिली, झाडं वाढली. प्राणिसंग्रहालय, तळ्यात बोटी, मुलांची छोटी रेल्वे, संगीताच्या तालावर नाचणारं कारंजं असं सगळं एकाच तिकिटाच्या परिसरात असल्यामुळे ‘आणखी काय?’ हा प्रश्न निदान तीन तास पुढं ढकलता येतो. सोमवारी बाग बंद असते. त्यामुळे अनुभवी यजमान पाहुण्यांना शक्यतो सोमवारी पोचू देत नाहीत, आणि पोचलेच तर त्या दिवशी त्यांना ‘आज आराम करा’ असं फार प्रेमानं सांगतात.

बागेचे मानकरी म्हणजे पांढरे वाघ. ते मुळात ओडिशातल्या नंदनकाननमधून आले आणि इथं त्यांची वीण इतकी चांगली वाढली की पुढं भिलाईहून दुसऱ्या गावांच्या प्राणिसंग्रहालयांना वाघ गेले. पोलादाच्या खालोखाल आमच्याकडून बाहेर जाणारा माल हाच. मे महिन्याच्या त्या तापलेल्या संध्याकाळी वाघ पिंजऱ्याच्या मागच्या खोलीत कूलरसमोर पाय पसरून पडला होता. मामा जाळीशी बराच वेळ उभे राहिले. वाघाचं निरीक्षण चाललंय असं मला वाटलं. पण ते कूलरची एखादी झुळूक इकडे येते का, ते बघत होते.

‘‘ह्याला कोणत्या सेक्टरात क्वार्टर मिळालाय म्हणायचा?’’ ते म्हणाले. पहिल्याच दिवशी सेक्टरची भाषा आलेला पाहुणा मी पहिल्यांदा पाहिला.

मामी तोवर छोट्या रेल्वेत बसून निघूनही गेल्या होत्या. दोन बाजूंना शाळेतली पोरं आणि मधे नऊवारीतल्या मामी. त्या फेरीत त्या इतक्या रमल्या की गाडी थांबल्यावर उतरायलाच तयार नव्हत्या. वहीत ही नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, देवबलोदा. चरोद्याजवळचं हे कलचुरी काळातलं शिवमंदिर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. भिलाईतले निम्मे लोक त्याच्या शेजारून रेल्वेनं आयुष्यभर जातात आणि एकदाही उतरत नाहीत. भिंतींवर हत्ती आहेत, शिकारी आहेत, नाचणारी माणसं आहेत; शेजारी पायऱ्यांचं कुंड आहे. मंदिराला शिखर मात्र नाही. का नाही, याची कथा तिथं कुणीही सांगतो. आम्हाला ती कट्ट्यावर बसलेल्या एका आजोबांनी सांगितली. आधी ‘कहाँ ले आए हव?’ अशी चौकशी, पुणे म्हटल्यावर ‘बने’ असा शेरा, मग कथा. मंदिर घडवणारा कारागीर कामात इतका बुडाला की अंगावरच्या कपड्यांचंही भान राहिलं नाही. बायको रोज जेवण घेऊन येई. एक दिवस तिच्याऐवजी बहीण आली. दोघांची नजरानजर झाली. लाजेनं त्यानं कुंडात उडी टाकली आणि बहिणीनं पलीकडच्या तळ्यात. कुंडातून भुयार होतं, त्यातून तो थेट आरंगला निघाला आणि तिथं त्याचा दगड झाला. शिखर राहिलं ते राहिलं.

मामांनी चष्मा पुसला. ‘‘जावईबापू, पुण्यात आमच्या सोसायटीच्या बिल्डरनं गच्चीचं काम अर्धं सोडलं. पण त्याला लाज वाटल्याचं दिसलं नाही.’’

‘‘भुयार नसेल तिकडे,’’ मामी म्हणाल्या.

डोंगरगडला आम्ही गेलो नाही. बम्लेश्वरीचं देऊळ 1600 फूट उंचीच्या डोंगरावर, हजारावर पायऱ्या, आणि पारा पंचेचाळिसाच्या आसपास. रोपवे आहे, असं मी म्हणालो. पण रोपवेनं गेलं तर पुण्य किती टक्के कापून मिळतं याचा हिशेब मामांना जमेना. शिवाय येताना गाडीतून तो डोंगर दिसलाच होता, म्हणून त्यांनी वहीत सरळ बरोबरची खूण केली. बालोदजवळचं ब्रिटिशांच्या वेळचं तांदुला धरण माझं लाडकं; पावसाळ्यानंतर त्याच्या काठावर बसावं आणि उठूच नये. मे महिन्यात तिथं नेणं म्हणजे धरणाचाही अपमान. त्याच भागातल्या करकाभाटला प्राचीन काळच्या मोठमोठ्या शिळांची दफनस्थळं आहेत. ती सुचवल्यावर मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

मामांना मग लोककला हवी होती. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई इथल्या गनियारी गावच्या, भिलाईच्याच कारखान्याच्या नोकरीत होत्या, 2019ला त्यांना पद्मविभूषण मिळालं, हे सांगितल्यावर ते उठून उभेच राहिले. ‘‘मग चला की!’’ पंडवानी ही काही वेळापत्रकानं चालणारी गोष्ट नव्हे, हे पटवता पटवता संध्याकाळ झाली आणि मी त्यांना सिव्हिक सेंटरला नेलं.

खरं सांगायचं तर भिलाईत बघण्यासारखं जे काही आहे, ते पायी चालतानाच दिसतं. सिव्हिक सेंटरला गुपचुपच्या गाड्यांभोवतीची गर्दी. पाणीपुरीला इथं गुपचुप म्हणतात, आणि ती कुणीही गुपचूप खात नाही. पहाटे फॉरेस्ट अॅव्हेन्यूवरून रमतगमत जाणारे निवृत्त फोरमन, एकमेकांना अजून जुन्या हुद्द्यानं हाक मारणारे. कॉफी हाउसात तुरेवाला फेटा बांधलेला वेटर. रविवारी सुपेल्याचा बाजार, जिथं सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं रस्त्यावर. मामी तिथं शिरल्या त्या हरवल्याच. सापडल्या तेव्हा त्यांच्या हातात तीन झाडू होते. पुण्यात झाडू मिळत नाहीत का, हे विचारायची माझी प्राज्ञा नाही.

रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली होती. अकराच्या सुमारास मामा खडबडून उठले. ‘‘जावईबापू! उजाडलं!’’

पूर्वेकडचं आकाश खरंच लालभडक झालं होतं. कारखान्यात वितळलेला स्लॅग ओतला की असं होतं. आता बराचसा स्लॅग पाणी मारून दाणेदार करतात आणि तो सिमेंटवाल्यांकडे जातो, म्हणून हा देखावा पूर्वीसारखा रोज नसतो. आमच्या लहानपणी त्या उजेडात आम्ही पत्ते खेळलो आहोत. भिंतीआडचा कारखाना एवढाच काय तो बाहेर येतो, तोही बिनतिकीट, बिनपास. मामा कठड्याला धरून काही मिनिटं बघत राहिले, लाली ओसरल्यावर आत गेले, आणि बॅटरीच्या उजेडात वही काढून बसले.

ते गेल्यावर मी सुटकेचा निःश्वास टाकला, तो फार टिकला नाही. परवा फोन आला.

‘‘जावईबापू, सोसायटीत वही वाचून दाखवली. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं फारच मागे लागलंय. मे महिन्यात येतील तुमच्याकडे. वाघ, कुंड, झाडू, सगळं सांगितलंय. दुर्गला उतरतील. आता तुम्ही फक्त एक करा, आकाश नेमकं कोणत्या तारखेला लाल होणार, ते कारखान्यात विचारून ठेवा. तिकिटं काढायला बरं पडेल.’’