मोहीमप्रमुख

रोहिणखेड हे घाटाखालचं गाव. मान वर केली की अजिंठ्याच्या रांगेचे डोंगर समोर उभे. इथल्या माणसाला डोंगर चढायला काहीतरी निमित्त लागतं. गुरं तरी हरवलेली असावीत, नाहीतर सरपण तरी संपलेलं. निमित्ताशिवाय चढू इच्छिणारा एकच इसम आहे, आमचे मोहीमभाऊ. तेही चढत नाहीत म्हणा. त्यांची तयारी व्हायची आहे.

भाऊंच्या पँटला आठ खिसे. त्यांपैकी एका खिशात होकायंत्र आणि उरलेल्यांत सुपारी. साठ लिटरची सॅक घरात खुंटीला टांगलेली असते. तिच्यातला दोर वहिनींनी कधीच काढून अंगणात बांधला; त्यावर गोधड्या वाळतात. टेंट मात्र भाऊंनी स्वतः गच्चीवर उभारून पाहिला. पुन्हा घडी घालून पिशवीत बसवायला मात्र अर्धी आळी लागली.

बेताची बैठक टपरीवर भरते. बेत ज्ञानगंगा अभयारण्याचा. क्षेत्र 205 चौरस किलोमीटर, अस्वलं भरपूर, हे भाऊ चहा येण्याआधीच सांगून टाकतात. इतिहासही पाठ आहे. 1437 साली बहमनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नसीरखानाला इथे रोहिणखेडलाच हरवलं. भाऊंच्या मते तो विजय निव्वळ रसदीच्या आखणीचा. म्हणून स्वतःच्या मोहिमेची रसद ते कागदावर काढतात. माणशी पाणी किती, कळण्याच्या भाकरी किती, ठेचा किती. कचोरी शेगावची घ्यायची की नाही, यावर मागच्या बैठकीत दोन गट पडले आणि तारीख ठरवायची राहून गेली.

तारीख हे भाऊंचं खरं दुखणं. जूनमध्ये पेरणी, मग फवारणी, मग सोयाबीन सोंगणी, मग कापूस. त्यातून सुटला तो लग्नसराईत सापडला. ग्रुपवर भाऊ विचारतात, "मंडळी, रात्री उघड्यावर झोपायची सवय हाये का?" त्यावर एक जण लिहितो, "भाऊ, मी रोजच झोपतो. हरभऱ्यात रानडुकरं येतात." दुसरा लिहितो, "आपली लाइन रातच्यालेच येते. मोटर चालू करायले जातो तवा बिबट्याची वाट अन् माही वाट एकच." भाऊ दोघांनाही हेडलॅम्पची लिंक पाठवतात.

मध्येच कुणीतरी परवानगीचं काढलं. अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय शिरता येत नाही, मनाला येईल तिथे टेंट ठोकणं तर दूरच. भाऊंनी लगेच अर्जाचा मसुदा केला. फार सुंदर मसुदा आहे. तो त्यांनी लॅमिनेट करून ठेवला.

या माणसाला खरा धक्का दिला तो एका वाघाने. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला हा गडी 2019 च्या पावसाळ्याच्या तोंडावर निघाला. शेतं, नाले, रस्ते तुडवत तेलंगणात जाऊन आला आणि डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगेत पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे कळलं की चाल तेराशे किलोमीटरच्या वर झाली होती. टपरीवर ही बातमी आली तेव्हा एक म्हातारबा म्हणाले, "पाहा भाऊ, ना सॅक, ना टेंट, ना बैठक." भाऊंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "पण बाबा, त्याच्याकडे जीपीएस होतं ना!"

अखेर मंडळींनी परस्पर एका शेतात रोडग्यांचा बेत केला. गोवऱ्या पेटल्या, वांग्याची भाजी रटरटली, काही जण तिथेच चांदण्यात आडवे झाले. भाऊही होते, पाच रोडगे खाल्ले. पण या मुक्कामाची मोहीम म्हणून नोंद करायला त्यांनी साफ नकार दिला, कारण पूर्वतयारी झालेली नव्हती.

सध्या ग्रुपचं नाव 'मिशन कळसूबाई' आहे. उंची 1646 मीटर, भाऊंना तोंडपाठ. इच्छुकांनी नावं जरूर नोंदवावीत. ॲडव्हान्स तेवढा देऊ नये.