रोबो-चेंडू : पालकांसाठी वापरसूचना

ॲपवर चालणारा रोबो घ्यायचा तर आपल्या मुलाचे वय पाहू नये, शेजारच्यांचे घर पाहावे. त्यांच्याकडे तो आला असेल तर आपल्याला उशीर झाला आहे, आला नसेल तर आपण आघाडीवर आहोत. खरेदी दोन्हीकडून अटळ.

नवशिक्यांनी स्फेरोचा चेंडू घ्यावा. अमेरिकेतल्या कोलोराडोची ही कंपनी. २०१५ साली 'स्टार वॉर्स'मधल्या बीबी-८चे खेळणे तिनेच काढले. एवढी माहिती पाहुण्यांपुरती पुष्कळ होते. चेंडूच्या पोटात दोन चाकांची गाडी असते, ती आतून कवचावर चढू पाहते आणि चेंडू गडगडतो. हे मुलाला सांगू नये. ते स्क्रूड्रायव्हर शोधायला जाते.

ॲप बाबांच्या फोनवरच घ्यावे. अँड्रॉइड जुने असेल तर ब्लूटूथवर चेंडू हुडकण्यासाठी फोन तुमचा ठावठिकाणा मागेल. चेंडू टीपॉयवर, तुम्ही सोफ्यावर, मध्ये वीतभर अंतर. तरी परवानगी द्यावी, वाद घालू नये. मग स्क्रीनवरचे कडे फिरवून चेंडूतला निळा दिवा आपल्याकडे आणावा. ती त्याची पाठ. हे राहिले तर तुमचे 'पुढे' आणि त्याचे 'पुढे' यांत तेवढाच फरक पडतो, जेवढा घरात एरवीही असतो.

आता मुख्य प्रयोग : चौकोन. चेंडूला दिशा, वेग आणि सेकंद सांगायचे. वेगाची कमाल २५५. मूल पहिल्याच फटक्यात २५५ टाकते आणि विचारते, शंभर का नाही? आठ बिटांत मावणारी सगळ्यांत मोठी संख्या तीच, हे ठाऊक नसल्यास 'आधी दूध संपव' म्हणावे.

इथे अनुभवी पालक फोन हातात घेतात. चौकोनाला चार काटकोन, म्हणून ते चारदा ९० लिहितात. चेंडू चारही वेळा उजवीकडेच जातो आणि फ्रिजखाली नाहीसा होतो. कारण त्याचे अंश सुरुवातीच्या दिशेपासून मोजतात, वळणापासून नव्हे. हवे असते ०, ९०, १८०, २७०. मुलाला हे पोटावर झोपून, फ्रिजखाली झाडूची काठी घालता घालता उमगण्याचा संभव असतो. तेव्हा त्याला वेळीच उठवावे, कपडे मळतात.

सीमोर पेपर्ट नावाच्या गणितज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडवली. पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर कासव चालू लागले. मुलाने यंत्राला शिकवावे, आणि चुकलेला प्रोग्रॅम पुसून न टाकता तो का चुकला ते शोधावे, असे त्यांचे म्हणणे. मोठा माणूस खरा, पण त्यांना आपल्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप ठाऊक नव्हता. तिथे न जुळलेल्या चौकोनाचा व्हिडिओ टाकता येत नाही. बाबांनी जुळवावा, मुलाने कॅमेऱ्याकडे पाहून हसावे.

चित्रण झाल्यावर चेंडू शोकेसमध्ये. 'मोठा झालास की खेळ' हे धोरण उत्तम. फक्त तोवर ॲप चालू राहायला हवे. कोझ्मो हा गोंडस रोबो बनवणारी अँकी कंपनी २०१९ साली बंद पडली, तेव्हा घरोघरच्या कोझ्मोंच्या मालकांना हीच काळजी लागली होती.

एक धोका उरतो. फोन चुकून मुलाच्या हाती राहिला आणि त्याने चौकोन स्वतःच जुळवला, तर कौतुकाच्या भरात पंचकोन मागू नये. ते ३६० ला ५ ने भागते, ७२ काढते, आणि ऑफिसचे फोन तेच उचलू लागते.