दुप्पट नाना

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर जिथे जिथे पोचला, तिथे मागोमाग एक नाना पोचलेच. पिंप्राळ्यातही होते. रेल्वे गेट ओलांडून जळगावच्या बाजारात जायचे आणि फ्लॉप्या आणायच्या, त्या नेमक्या ७२० केबीच्या. १.४४ एमबीची महाग. ‘अरे भो, चकती तीच, डबी तीच. कंपनी एक भोक जास्त पाडते नि त्याचे पैसे लावते. भोक काय, आपण घरी पाडू!’

पाडायचेही. साडेतीन इंची फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात राइट-प्रोटेक्टची खिडकी असते. दुसऱ्या कोपऱ्यात तसंच भोक दिसलं, की ड्राइव्ह ती हाय डेन्सिटी समजतो. नाना महागडी फ्लॉपी स्वस्तातलीवर ठेवून पेन्सिलीनं खूण करत आणि तापलेली सोल्डरिंग गन टेकवत. जळक्या प्लॅस्टिकचा वास थेट स्वयंपाकघरात. वितळलेला काठ ब्लेडनं तासायचा, एक फुंकर, की फ्लॉपी ड्राइव्हमध्ये. ट्रॅक तेच ८०, पण प्रत्येकात ९ ऐवजी १८ सेक्टर. फॉरमॅटचे टक्के सरकत शंभरावर आले, की नाना घरच्यांकडे असे बघत, जणू कापसाला दुप्पट भाव मिळाला.

‘ट्रॅक झिरो बॅड’ आलं तरी नाना खचत नसत. ‘ॲबॉर्ट, रिट्राय, फेल’ विचारलं, की रिट्राय. ॲबॉर्ट त्यांच्या स्वभावातच नव्हतं. वर दाखला तयार: ‘मायक्रोसॉफ्टनं विंडोज ९५ च्या फ्लॉप्यांत १.६८ एमबी कोंबले, त्यांना कोणी काही बोललं का?’ त्या मुळात हाय डेन्सिटीच्या होत्या, हे सांगायची सोय नव्हती.

खरी गोम लेपात. हाय डेन्सिटी चकतीवरचा चुंबकीय लेप पातळ आणि चिवट, म्हणून दाटीवाटीनं लिहिलेलं टिकतं. साध्या चकतीवर तेच लिखाण आज उमटतं, काही महिन्यांनी पुसट होतं. भोकानं ड्राइव्ह फसतो, लेप फसत नाही. एखाद्याच्या लग्नपत्रिकेचा मजकूर पिंप्राळ्याच्या आषाढीच्या रथापर्यंत जेमतेम तग धरायचा, दिवाळीनंतर मुहूर्ताच्या वेळी नेमका गायब. मग दोष जळगावच्या उन्हाचा, लोडशेडिंगचा, शेजाऱ्याच्या ड्राइव्हचा. भोकाचा कधीच नाही.

फ्लॉपी गेली, नाना आहेत. आता ते तीनशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह आणतात. आत चिप जेमतेम काही जीबीची. कॉम्प्युटरला दोन टीबी सांगायचं काम कारखान्यातच झालेलं. नानांची विद्या आता नानांनाच विकली जाते. तुमच्या गल्लीतल्या नानांकडे असा पेनड्राइव्ह दिसला तर कौतुक जरूर करा, पण नातवाच्या बारशाचे फोटो त्यात ठेवू देऊ नका.