गैरहजरांचे वकील

सकाळच्या विरार लोकलमध्ये शिव्या घालायला रोज कोणीतरी लागतं, आणि ज्याला त्या पडतात तो डब्यात नसतो, हे ओघानंच आलं. त्याच्या वतीनं उभे राहतात ते आमचे काका. उभे म्हणजे बसूनच. तिघांच्या बाकावर चौथी सीट, अर्धं बूड हवेत, मांडीवर डबा.

परवा गाडी नायगाव सोडून खाडीपुलावर थांबली. “मोटरमन झोपला वाटतं,” कोणीतरी म्हणालं. झालं! काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “पण त्याचंही बरोबर आहे हो. लाल सिग्नल ओलांडला तर नोकरीवर गदा त्याच्या. चर्चगेटपर्यंत 60 किलोमीटर, एकटा जीव, केबिनमध्ये मोरीसुद्धा नाही. दोन कप चहा पिऊन तुम्ही बसून दाखवा बघू!” डब्यातल्या निम्म्या लोकांना एकदम कळ आली आणि विषय मिटला.

लोकलचा धर्म तुम्हाला ठाऊक आहेच. फलाटावर असेपर्यंत ‘आत सरका’, आत पाय पडला की ‘जागा कुठाय? मागची पकडा’. पक्ष बदलायला आमदारांनाही निदान एक रात्र लागते. काका मात्र आत आल्यावरही ‘आत सरका’च म्हणत राहतात. परिणामी भाईंदरला चढलेला माणूस थेट काकांच्या चपलेवर उभा असतो. “असू दे, त्यानं तरी पाय ठेवायचा कुठे?”

गेल्या पावसाळ्यात माझी छत्री रॅकवरून गेली. काका म्हणाले, “बाहेर केवढा कोसळत होता, भिजला असता बिचारा.”

“काका, मी भिजलो!”

“हो, पण तुम्ही इथे आहात ना बोलायला.”

ही खरी ग्यानबाची मेख. समोरच्या माणसाचं वकीलपत्र काका घेत नाहीत. त्याला तोंड आहे, तो बघून घेईल. याचा सगळ्यात जास्त जाच अर्थातच काकूंना. लग्नाला 35 वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडावर त्यांची बाजू एकदाही घेतली गेली नाही. माहेरी गेल्या, की इकडे काका शेजाऱ्यांना ऐकवत बसतात, “तिचंही बरोबर आहे. माझ्यासारख्याबरोबर दिवस काढायचे म्हणजे...”

हे कानावर आल्यापासून काकू शहाण्या झाल्या. सुनेशी खटका उडाला, की तावातावानं भांडायचं सोडून त्या मुकाट्यानं स्वयंपाकघरात जातात, गॅस बारीक करतात आणि दाराआड कान लावून उभ्या राहतात. सूनही काही कमी नाही, चार महिन्यांत तिनंही हे हेरलं. हल्ली दोघी एकदमच आत जातात. काका हॉलमध्ये एकटे. आधी कोणाची बाजू घ्यावी, याचा विचार करत रिमोट उलटासुलटा करत बसतात. आत दाराला कान लावून दोघी ताटकळतात, आणि मग कंटाळून एक जण चहाचं आधण ठेवते, तर दुसरी आलं किसायला घेते.