वेबवाला भाचा

देवगडच्या मामांना वेबसाइट हवी होती ती चार ओळींची. आंबा कोणता, पेटीचा दर काय, पार्सल कुठं कुठं जातं आणि फोन नंबर. मागणी दिवाळीत झाली, कारण भाचा तेव्हाच हाती लागतो. पुण्यात हिंजवडीला तो 'फ्रंटएंड'ला आहे. म्हणजे नेमका कशाला आहे हे घरात कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे प्रिंटर अडला तरी हाक त्यालाच जाते. भाचा म्हणाला, "मामा, एका वीकेंडचं काम आहे."

असा भाचा हल्ली घराण्यागणिक एक तरी निघतोच. त्याची दाढी कोरलेली, टी-शर्ट कुठल्याशा टेक कॉन्फरन्सचा, आणि लॅपटॉपच्या पाठीवर इतके स्टिकर की कंपनीचं नाव शोधावं लागतं.

पहिला वीकेंड फ्रेमवर्क निवडण्यात गेला. या विषयात भाच्याला वंशावळ तोंडपाठ आहे. २००६ साली जॉन रेसिगचं जेक्वेरी, २०१० मध्ये गूगलचं अँग्युलर, २०१३ मध्ये फेसबुकनं खुलं केलेलं रिअ‍ॅक्ट, पाठोपाठ व्ह्यू, मग स्वेल्ट. २०१६ मध्ये अँग्युलर मुळापासून नव्यानं लिहिलं गेलं आणि जुन्या पद्धतीचा कोड नव्यात चालेना. भाचा तेव्हा शाळेत होता, पण घाव आपल्यालाच बसल्यासारखा बोलतो. ज्या जावास्क्रिप्टवर हा सगळा डोलारा उभा आहे, ती भाषा ब्रेंडन आइकनं १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत पहिल्यांदा उभी केली, हेही तो अभिमानानं सांगतो. मामांच्या चार ओळींचं काय झालं, असं त्यावर कोणी विचारू नये.

निवड रिअ‍ॅक्टची झाली. मग इन्स्टॉल करताच लॅपटॉपवर हजारो फायली उतरल्या. यातल्या बऱ्याचशा अशा लोकांनी लिहिलेल्या असतात की ज्यांना ना भाचा ओळखतो, ना मामा. २०१६ च्या मार्चमध्ये एका प्रोग्रामरनं वादावादीतून आपली 'लेफ्ट-पॅड' नावाची अकरा ओळींची पुडी काढून घेतली. तिचं काम काय, तर मजकुराच्या डावीकडं मोकळी जागा भरणं. तेवढ्यानं जगभरातले प्रोजेक्ट अडले आणि ती पुडी परत जागेवर आणून ठेवावी लागली. हा किस्सा भाचा खो-खो हसत सांगतो आणि सांगता सांगता आणखी तीन लायब्ऱ्या इन्स्टॉल करतो.

नंतरचे वीकेंड प्रेरणेचे. ड्रिबल, बिहान्स, ऑवर्ड्स अशी प्रदक्षिणा सुरू झाली. फिग्मात 'आंबा मूडबोर्ड' तयार झाला. त्यात एक इटालियन खुर्चीवाला, एक जपानी चहावाला आणि स्क्रोल केलं की फुटणारं एक डाळिंब. आंबा नाही. पिवळ्या रंगाच्याच अकरा छटा निघाल्या. मध्येच 'सीएसएस झेन गार्डन'ची आठवण झाली. डेव्ह शेनं २००३ मध्ये सुरू केलेल्या त्या साइटवर मजकूर एकच, एचटीएमएल एकच, पण दर वेळी नव्या डिझायनरची नवी स्टाइलशीट, आणि पान ओळखू येणार नाही इतकं बदललेलं. हे नाव घेताना भाचा, गवई गुरूचं नाव घेतो तसा, कानाच्या पाळीला हात लावतो. ते त्याला शोभतंही.

कारण एका जागी तो खरोखर गुणी आहे. ठळक मथळा टाकला 'देवगड हापूस आंबा'. टेम्प्लेट परदेशी, रोमन लिपीच्या मापानं बेतलेलं. त्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं आणि ओळीची उंची आवळलेली. स्क्रीनवर उमटलं 'हापस आबा'. वरचा अनुस्वार आणि खालचा उकार दोन्ही कापले गेले होते आणि शिरोरेषेचे तुकडे पडले होते. दुसरा कोणी असता तर पुढं गेला असता. मोठमोठ्या कंपन्यांची मराठी पानं अशी शिरोरेषा मोडून खुशाल फिरत असतात. भाचा मात्र रात्री दोनपर्यंत बसला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टवाल्यांचा 'मुक्ता' फॉन्ट घेतला, अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणलं, ओळीची उंची दीडपटीच्या वर नेली. आंबा पुन्हा आंबा झाला. त्या रात्रीचं कौतुक करायला घरात कोणी जागं नव्हतं.

दरम्यान रिअ‍ॅक्ट जड वाटलं म्हणून काम स्वेल्टमध्ये गेलं, तिथून अ‍ॅस्ट्रोत. तोवर फेब्रुवारी आला आणि मामांच्या पहिल्या पेट्या वाशीला रवानाही झाल्या. मामांनी आढीचा फोटो काढला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, पुढचं बुकिंग घेतलं.

साइट एप्रिलमध्ये एकदाची डिप्लॉय झाली. मामांनी ती बागेत उघडली. तिथं फोनला रेंजची एक काडी, तीही झाडाच्या ठरावीक बाजूलाच. पडद्यावर एक सुरेख आंबा गोल गोल फिरू लागला आणि फिरतच राहिला. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्नमध्ये लोकांपुढं ठेवलेलं जगातलं पहिलं वेब पान नुसत्या मजकुराचं आणि दुव्यांचं होतं. मामांच्या त्या एका काडीवर ते आजही लख्खकन उघडेल.

थोड्या वेळानं फोन आला. "आंबो फिरता तो बरो दिसता. पण दर खंय आसा? नंबर खंय?"

"मामा, वर कोपऱ्यात तीन रेघा आहेत बघा. त्यांवर टिचकी मारा."

"गिऱ्हाईक रेघो कित्याक बघतला?"

भाच्यानं 'मिनिमल'चं तत्त्वज्ञान पंधरा मिनिटं समजावलं. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि आठवड्याभरात मेहनताना म्हणून पाच डझनांची पेटी पुण्याला पाठवली. पुठ्ठ्याच्या चारही बाजूंना बोटाएवढ्या जाड लाल अक्षरांत छापलेलं होतं: हापूस, बागायतदाराचं नाव, गाव, मोबाइल नंबर. दर तेवढा मार्करनं हातानं लिहिलेला.

फ्लॅटमधले बाकीचे आंब्यांवर तुटून पडले. भाच्यानं रिकामी पेटी खिडकीपाशी उजेडात ठेवली, चारही बाजूंनी तिचे फोटो काढले आणि ते मूडबोर्डवर खुर्चीवाल्याच्या शेजारी चिकटवून खाली लिहिलं: 'व्हर्जन २. काय टायपोग्राफी आहे!'