प्लगच असेल

सेकंडहँड मोटारसायकली विकणाऱ्याकडे दोनच प्रकारच्या गाड्या असतात. एक डॉक्टरनं वापरलेली, दुसरी मास्तरनं वापरलेली. डॉक्टरची म्हणजे रोज पुसलेली, मास्तरची म्हणजे घर ते शाळा एवढीच फिरलेली. आमच्या साडभाऊंनी घेतलेली स्प्लेंडर मास्तरची होती. मीटरवरचा आकडा पाहता मास्तरांचं घर नागपुरात आणि शाळा बहुधा भोपाळला असावी.

साडभाऊ बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांची बदली एटापल्लीला झाली होती. तेव्हा ते रडले होते असं मेव्हणी सांगते. आता मात्र "एकदा एटापल्ली पाहून येऊ" म्हणून मागे लागले. एस.टी. जाते, जीप जाते. पण गाडी नवीन (म्हणजे त्यांना नवीन), तेव्हा मोटारसायकलवरच जायचं ठरलं. मागच्या सीटवर मी, यांत्रिक सल्लागार म्हणून. यंत्रांच्या बाबतीत माझं आयुष्यभर एकच निदान आहे : प्लग असेल. पंप पाणी ओढत नाही? प्लग असेल. शेजाऱ्यांचा जावई बोलेनासा झाला? प्लग असेल. त्यानं कोणाचं वाईट होत नाही आणि आपल्याला काही समजतं असं लोकांना वाटत राहतं.

चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीला वैनगंगेचा पूल, मग आलापल्ली. भामरागडच्या रस्त्यावरचं वनवैभव वाट वाकडी करून पाहिलं. साग एवढे उंच की वर बघताना हेल्मेट मानेवर येतं. रेल्वे म्हणाल तर गडचिरोली जिल्ह्याचं स्टेशन वडसा, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. या भागात माणसं जातात ती एस.टी.नं, जीपनं किंवा शंभर सीसीच्या गाडीवर तिघं बसून. त्यामानानं आम्ही दोघं म्हणजे चैन होती.

आलापल्ली सोडून एटापल्लीच्या रस्त्याला लागलो आणि समोरून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक यायला लागले. एक ट्रक गेला की थोडा वेळ जगात फक्त लाल रंग उरायचा. धूळ खाली बसली की साडभाऊ दिसायचे, पण थोडे अधिक विटकरी. असं करत करत एका साध्याशा चढावर गाडीचा जीव गेला. आधी पिकअप गेला, मग निळा धूर, मग काहीच नाही. साडभाऊंनी किक मारली. किक पोकळ. लोण्यात सुरी जावी तसा पाय खाली गेला.

"प्लग असेल," मी म्हणालो. आलापल्लीला मी तत्त्व म्हणून एक नवा प्लग घेऊन ठेवला होता. तो लावायला प्लगपाना लागतो. तो मास्तरांकडेच राहिला असावा.

एप्रिलच्या उन्हात गाडी ढकलताना साडभाऊंना मुलाचा फोन आठवला. मुलगा मिनेसोटात असतो. तिथल्याच रोझो गावात 1954 मध्ये पोलारिस कंपनी सुरू झाली आणि बर्फावर पळणाऱ्या गाड्या बनवायला लागली. पोरानंही अशी एक फोर-स्ट्रोक गाडी जुनी घेतली. घेताना काय केलं? इंजिन गरम करून प्रत्येक सिलिंडरच्या प्लगच्या भोकात गेज लावला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन फिरवलं, आकडे लिहून घेतले. दोन सिलिंडरांत फार फरक दिसला तर सौदा नाही. "बाबा, तुम्हीही गाडी घ्यायच्या आधी कम्प्रेशन बघा." बाबांनी टायर बघितले होते. आणि हॉर्न.

एटापल्लीत मेकॅनिक भेटला तो पोरगेलासा, बाविशीचा. त्यानं माझ्या हातातल्या नव्या प्लगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता जुना प्लग काढला. तो तेलानं काळा, ओला. मग चावी बंद करून म्हणाला, "काका, अंगठा लावा जी भोकावर. घट्ट." साडभाऊंना म्हणाला, "तुम्ही अॅक्सिलरेटर पूर्ण पिळा, न किक मारा."

चांगल्या इंजिनात अंगठा उडतो. 1876 मध्ये ऑटो नावाच्या जर्मनानं हे चार ठोक्यांचं चक्र चालवून दाखवलं, तेव्हापासून नियम तोच : हवा आत ओढायची, दाबायची, पेटवायची, धूर हाकलायचा. दुसऱ्या ठोक्याला हवा नीट दाबली गेली नाही तर तिसऱ्याला पेटणार काय? साडभाऊ किक मारत राहिले. माझा अंगठा जागचा हलला नाही. भोकातून बारीक कोमट फुंकर तेवढी येत होती.

पोरानं इंजेक्शनच्या जुन्या सिरिंजनं भोकात थोडं तेल सोडलं. "आता मारा." फट्‌ करून अंगठा उडाला, तेलाचा शिंतोडा थेट माझ्या चष्म्यावर. पोरगा खूश. तेलानं दाब वाढला म्हणजे गळती पिस्टनच्या कडेनं आहे, तेलानं ती तेवढ्यापुरती बुजली. तेल टाकूनही वाढला नसता तर वॉल्व्हचं काम निघालं असतं. "रिंगा गेल्या जी. हेड खोला लागते."

मग त्यानं बाजूचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि ते लाल बोट आमच्यापुढे धरलं. "फोम कोठी गेला?" एअर फिल्टरच्या डब्यात फिल्टरच नव्हता. पिकअप वाढावा म्हणून कोणीतरी तो काढून फेकला होता. बर्फात धूळ नसते, म्हणून मिनेसोटातल्या तसल्या कित्येक गाड्यांना कागदी फिल्टर नसतो म्हणे. मास्तरांनी तीच सोय लोहखनिजाच्या रस्त्यासाठी करून ठेवली होती. ही धूळ तेलात मिसळली की तिचा पॉलिश पेपरसारखा खरखरीत लेप होतो आणि रिंगा घासत बसतो.

हेड उघडणार, एवढ्यात एक माडिया तरुण गाडी ढकलत आला. त्याचं न पोराचं माडियात बोलणं सुरू झालं आणि पोरगा पाना घेऊन सरळ तिकडे. मला राग आला. आम्ही तीनशे किलोमीटरवरून आलेलो, आमचा नंबर आधीचा, आणि हा ओळखीच्या माणसाची गाडी घेऊन बसला! दोन शब्द सुनवायला उठलो तेव्हा त्या गाडीमागे उभी असलेली बाई दिसली. तिच्या छातीशी लुगड्यात गुंडाळलेलं लेकरू होतं, डोळे अर्धे उघडे, ओठ सुकलेले. त्याला अहेरीच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

पोरगा माझ्याकडे वळला आणि हात पुढे केला. "काका, तो प्लग."

दिला. त्यानं तो लावला, किक मारली आणि गाडी पहिल्याच किकला लागली. बाईनं लेकराला मध्ये घेतलं, पदर त्याच्या डोक्यावर ओढला. निघाले. जाताना त्या माणसानं खिशात हात घातला, तर पोरानं नुसतीच मान हलवली. पैसे माझ्या प्लगचे होते, पण ती मान मलाही बरोबर वाटली.

"प्लगच होता," साडभाऊ हळूच म्हणाले.

रिंगा अहेरीहून एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती दुसऱ्या दिवशी आल्या. या गाडीचं सामान कुठंही मिळतं, म्हणून तर इकडं हीच गाडी सगळ्यांकडे. पोरानं प्रत्येक रिंग आधी नुसती सिलिंडरमध्ये बसवून टोकांमधली फट फीलर गेजनं मोजली. मग दोन कम्प्रेशनच्या वर, तेलाची खाली, आणि तिघींची तोंडं तीन दिशांना. "एका रेषेत आली तर हवा तिथूनच पळते जी." टॅपेट सेट केले, नवा फोम घातला, तेल बदललं. ज्या बँकेसाठी आलो होतो, तिला त्या दिवशी सुटी होती. साडभाऊंनी कुलपाचा फोटो काढला.

"पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नाही," पोरगा म्हणाला. साडभाऊ नियमाचे पक्के, ते पस्तीसवर राहिले. आलापल्लीच्या पुढे एक म्हातारा सायकलवरून आमच्या बरोबरीनं आला, उतारावर पुढे गेला आणि जाताना "काही बिघाड आहे का?" म्हणून विचारून गेला.

आष्टीला रेंज आली आणि मिनेसोटाचा फोन वाजला.

"बाबा, कम्प्रेशन चेक केलं?"

"केलं."

"किती आलं? पीएसआयमध्ये सांगा. दीडशेच्या आसपास हवं."

साडभाऊंनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. "तुझ्या काकांचा चष्मा भरला, एवढं."

"बाबा, आकडा."

"आकडा बिकडा नाही. तू एकदा मे महिन्यात ये इकडे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मला उतरायला सांगितलं, पुढे चढ होता.