ताठ बस!

भांडण घागऱ्यावरून सुरू झालं. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कन्येचा घागरा शिवायला टाकला होता. तो आला तर डावीकडून पायात येत होता आणि उजवीकडून बोटभर वर. परत दिला. उसवून, पुन्हा शिवून आला, तरी तसाच. तिसऱ्या खेपेला मी कन्या, घागरा आणि कंपासपेटीतली पट्टी असा सगळा पुरावा घेऊन टेलरकाकांकडे गेलो. साताऱ्यात काटेकोर माणूस म्हणून माझं नाव घेतलं जातं; निदान मी तरी घेतो. चार गिऱ्हाइकांसमोर मी घागऱ्याची खालची कड मोजून दाखवली आणि वर ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हणही ऐकवली. इथे नाचणार कोण आणि अंगण कोणतं, याचा विचार केला नव्हता.

काकांनी ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या, कन्येला पाठमोरी उभी केली आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर आडवी टेप धरली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “साहेब, कापड सरळ आहे. पोरीचा उजवा खांदा वर आहे, कंबर एका बाजूनं जास्त आत गेलीय. जूनमध्ये गणवेशाचं माप घेतलं तेव्हाच वाटलं होतं. तेव्हापासून मी हिच्या दोन्ही बाजू वेगळ्या लिहितो.”

वहीत खरंच दोन आकडे होते. मी तिचा बाप, तेरा वर्षं रोज बघतोय. माझं सगळं लक्ष पट्टीवर.

शहाण्या माणसानं तिथून थेट दवाखाना गाठला असता. मी गुन्हेगार शोधायला निघालो.

पहिला संशयित दप्तर. रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणला आणि दप्तर आकड्याला टांगलं. सहा किलो दोनशे ग्रॅम! कन्येचं वजन एक्केचाळीस. २०२० च्या सरकारी दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं असं म्हटलंय. म्हणजे दोन किलो शंभर ग्रॅमचा गुन्हा रंगेहाथ पकडला. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या फाटकापर्यंत दप्तर माझ्या खांद्यावर. मागून मैत्रिणी खिदळत यायच्या. ती माझ्यापासून दहा पावलं लांब चालायची.

दुसरा संशयित मोबाइल. तो कपाटात गेला. तिसरा खो-खो. उकिडवं बसायचं, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे, आणि खो मिळाला की त्याच वळणात उठून धावायचं. कणा पिळला जाईल नाहीतर काय! संरक्षणात अडीच-अडीच मिनिटं टिकणारी पोरगी मी घरी बसवली. तिच्या सरांनी दोनदा निरोप पाठवला. मी ‘पाठीचं कारण आहे’ असं गंभीर आवाजात सांगितलं, जणू पाठ मलाच कळते.

खो-खोच्या जागी मी पहाटे साडेपाचला सूर्यनमस्कार आणले. औंध आमच्याच जिल्ह्यातलं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले होते. हा स्फूर्तिदायक इतिहास मी तिला रोज सांगायचो, पांघरुणातून. शिवाय लटकलं की कणा सरळ होतो असं ऐकलं होतं, म्हणून दाराच्या चौकटीत लोखंडी दांडा बसवला. आधी बापानं करून दाखवावं, म्हणून मी लटकलो. दांडा, दोन स्क्रू आणि वीतभर गिलावा घेऊन मी जमिनीवर आलो. पुढे एकदा वाचलं की ग्रीक वैद्य हिपॉक्रेटसच्या काळात कुबडाच्या रोग्याला शिडीला बांधून, शिडी उचलून दाणकन खाली आपटत. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे तेव्हाही कुणाचे तरी बाबा होतेच.”

आईचं वेगळंच. “कृष्णानं कुब्जेच्या पावलांवर पाय ठेवला, हनुवटीला दोन बोटं लावली आणि वर उचललं, झाली सरळ. तुझा नुसता गिलावा पडतोय.”

आणि सगळ्यात जालीम उपाय म्हणजे ‘ताठ बस!’ जेवताना ताठ बस, अभ्यासाला ताठ बस, टीव्हीसमोर ताठ बस. हे मी सोफ्यावर मानेखाली लोड घेऊन सांगत असे. एका रविवारी तिची गणिताची वही चाळली, तर मागच्या पानावर ताळ्याच्या खुणा: चार उभ्या, पाचवी आडवी, असे बारा गठ्ठे आणि वर एक सुटी. खाली लिहिलं होतं, ‘बाबा : एकसष्ट.’ सकाळी सात ते रात्री दहा. मी तिची पाठ तपासत होतो आणि ती माझं तोंड.

बायकोनं ते पान पाहिलं आणि मला न विचारता हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

दवाखान्यात भिंतीवर एक चित्र होतं: वाकडं झाड, शेजारी रोवलेला सरळ खांब आणि दोघांना दोरीचे वेढे. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द ज्यानं बनवला, त्या निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या १७४१ च्या पुस्तकातलं ते चित्र. शब्दाचा मूळ अर्थच सरळ आणि मूल. मी कोपरानं बायकोला ढोसलं. “बघ! दोरीच लागते.” तिनं मासिकाचं पान उलटलं.

डॉक्टरांनी आधी बायकोला विचारलं, पाळी सुरू झाली का, कधी, गेल्या वर्षभरात उंची किती वाढली. ही उत्तरं चालू असताना मी छतावरच्या पंख्याची पाती मोजली. तीन होती. मग डॉक्टर कन्येला म्हणाले, पाय जुळव, गुडघे सरळ ठेव, हात जोडून पुढे वाक. पोरगी बिचकली. “असं गं, सोपं आहे,” म्हणत मी वाकलो. माझे हात गुडघ्यांपर्यंत पोचले आणि तिथेच राहायला आले. पोरगी हसली, वाकली, आणि तळवे जमिनीला टेकवून मोकळी झाली.

“या, मागून बघा,” डॉक्टर म्हणाले. पाठ टेबलासारखी सपाट दिसायला हवी होती. उजवीकडच्या बरगड्या थोड्या वर आलेल्या, कणिक एका बाजूनं जास्त फुगावी तशा. त्यांनी तिच्या पाठीवर गवंड्याच्या पाणसळीसारखं एक साधन ठेवलं; वळणदार नळी, आत एक गोळी. गोळी सहावर थांबली. जाता जाता त्यांनी ते माझ्याही पाठीवर ठेवलं. गोळी किती गेली ते सांगितलं नाही, फक्त “हं” म्हणाले.

एक्स-रे आला. त्यावर त्यांनी दोन रेघा मारल्या, एक वरच्या सगळ्यात कललेल्या मणक्याच्या कडेनं, एक खालच्या. मधला कोन चौदा अंश. कोन मोजायची ही रीत १९४८ पासूनची, जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरची. दहाच्या पुढे गेला की त्याला स्कोलिओसिस म्हणायचं. या वयाच्या शंभर मुलांत दोन-तीन जणांना असतो.

“पण कारण काय?”

“इडिओपॅथिक.”

“म्हणजे?”

“म्हणजे कारण माहीत नाही.”

इतकं भारदस्त नाव आणि आत हे! मी एकेक आरोपी उभा करायला लागलो. दप्तर? दप्तरानं पाठ दुखेल, कणा असा वळत नाही. मोबाइल? डोळ्यांसाठी कमी करा. पोक काढून बसणं? त्यानंही हे होत नाही. सगळे निर्दोष सुटत होते. शेवटचा हुकमी पत्ता टाकला: “खो-खो?”

“खेळते का ही?” डॉक्टर एकदम खूश झाले.

“खेळायची,” कन्या म्हणाली आणि माझ्याकडे बघायला लागली. बायकोही. कोपऱ्यातल्या नर्सबाईसुद्धा.

“विठोबा कमरेवर हात ठेवतो ना, तिथल्या या हाडावर आम्ही बघतो वाढ किती उरलीय,” त्यांनी एक्स-रेवर बोट ठेवलं. हिची अजून उरली होती. म्हणून दर सहा महिन्यांनी यायचं. वाढत्या वयात कोन पंचविसाच्या पुढे गेला तर पट्टा, तोही दिवसाचे बरेच तास. २०१३ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं की पट्टा जितके तास अंगावर तितका उपयोग जास्त. पन्नाशीच्या आसपास गेला तर ऑपरेशनचा विचार. चौदाला फक्त लक्ष ठेवायचं.

“आणि व्यायामानं चौदाचे शून्य?”

“तशी खात्री मी देणार नाही. पण खेळ थांबवायचं काहीच कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना या वयाच्या मुलांना रोज तासभर दम लागेल असं काहीतरी करायला सांगते. हिचा तो तास होता. तुम्ही काढून घेतलात.”

फी देताना मी सुटे पैसे मोजायला जरा जास्तच वेळ लावला.

नंतरचं पटापट झालं. खो-खो सुरू झाला. फिजिओथेरपिस्टबाईंनी आरशासमोर करायचे श्वासाचे व्यायाम दिले. शंभर वर्षांपूर्वी काटारिना श्रॉट या जर्मन बाईंनी, स्वतःचा कणा वाकडा असताना, ही पद्धत काढली. दबलेल्या बाजूच्या बरगड्यांत हवा भरायची. माझं काम आरसा धरायचं आणि बोलायचं नाही. धावपटू उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे हे कन्येला कुठून तरी कळलं, तेव्हापासून ‘ताठ बस’ म्हटलं की “नऊ पूर्णांक अठ्ठावन्न!” असं त्याच्या विक्रमी वेळेचं उत्तर येतं. टेलरकाकांनी घागऱ्याला उजवीकडे आतून अर्धा इंच जास्त सोडला, खालची कड ओळीत आली. मी मुकाट्यानं पैसे दिले. म्हण सुचली होती, गिळली.

दप्तर तेवढं माझ्याकडेच राहिलं, सवयीनं. गेल्या सोमवारी स्कूटरच्या पायाशी ठेवलेलं ते एका हातानं उचलून खांद्यावर टाकायला गेलो आणि कमरेत अशी उसण भरली की शाळेच्या फाटकासमोर मी काटकोनात उभा राहिलो. दप्तरावरचा आरोप अखेर सिद्ध झाला, फिर्यादी तेवढा बदलला.

दोघांनी धरून घरी आणलं. चटईवर पालथा घातला. आईनं वैद्य, डॉक्टर, शेक कशाचंच नाव काढलं नाही. “पायाळू माणसानं पाय लावला की उसण जाते. घरातच आहे की पायाळू!”

कन्या जन्माला आली ती खरंच पायांकडून. पण सिझेरियननं. सिझेरियनचं मूल पायाळू धरायचं का, यावर माझ्या डोक्यावर बायको आणि आई यांचं दहा मिनिटं चाललं. “डॉक्टरनं काढताना आधी पायच बाहेर आले ना? मग!” असं म्हणून आईनं निकाल दिला आणि नातीला हाक मारली.

ती मैदानावरून आली होती, घोट्यापर्यंत लाल धूळ. चप्पल काढून माझ्या शेजारी उभी राहिली. मला फक्त तिची पावलं दिसत होती.

“आजी, एकदाच मारायची का लाथ?”

“लाथ नाही गं, पाय लावायचा. का?”

“काही नाही,” ती म्हणाली, “माझ्याकडे एकसष्टचा हिशेब आहे.”